घरी रॉड बांधणे: गाइडची जागा, दोऱ्याचे वेढे, इपॉक्सी आणि आपला मानवेल बांबू

मामातलाव
मरळ मासा धरायला सात फुटी स्पिनिंग रॉड (गाइड खालच्या बाजूला असलेला गळाचा दांडा) घरी कसा बांधायचा, यासाठी हा धागा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या तलावांत कमळ, शिंगाडा आणि काठाला बेशरम इतकं माजलेलं असते की मरळ लागली रे लागली की दोन सेकंदांत तिला वर घ्यावं लागते. दुकानातला रॉड सगळ्या पाण्यांसाठी काढलेला असतो. आपल्याला टोकाला जरा नरम, जेणेकरून १०-१५ ग्रॅमचा नकली बेडूक (आमिष) दूर जाईल, आणि अर्ध्यापासून खाली दणकट असा पाहिजे.

सामान: कार्बनचा मीडियम-हेवी ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती कांडी (दोन तुकड्यांचा घेतला तर कुरिअरमध्ये मोडत नाही), १६ किंवा १७ नंबरची रील सीट (रील बसवायची जागा), ईव्हीए फोमची ग्रिप, सात गाइड (दोरी ओवायच्या कड्या), एक टिप-टॉप (टोकाची कडी), गाइड बांधायचा दोरा, चिकटवायचं इपॉक्सी आणि वरून द्यायचं फिनिश इपॉक्सी. ही दोन इपॉक्सी वेगवेगळी. ॲराल्डाइटने सीट आणि ग्रिप मस्त बसतात, पण दोऱ्यावर तेच दिलं तर जाड थर बसतो, बुडबुडे अडकतात आणि उन्हात पिवळं पडते.

२५०० च्या रीलसाठी गाइडचे आकार खालून वर २५, १६, १०, ८, ६, ६, ६ आणि टोकाला ६. टोकापासून अंतर १०, २१, ३४, ४९, ६६, ८६ आणि ११० सेंटीमीटर. ही सुरुवातीची खूण आहे, शेवटची नाही. शेवटची जागा ब्लँक वाकवूनच ठरते.

त्यासाठी सगळे गाइड आधी तात्पुरते लावायचे. सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब आणा, ब्लेडने तीन-तीन मिलिमीटरच्या कड्या कापा आणि गाइडच्या पायांवर चढवा. आता रॉडची मूठ खिडकीच्या गजाला किंवा खाटेला ४५ अंशांत पक्की बांधा, दोरी सगळ्या गाइडमधून ओवा आणि टोकाखाली अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली लटकवा. बाजूला उभं राहून पाहा. दोरी ब्लँकच्या वळणासोबत चालली पाहिजे. दोन गाइडमध्ये ती वळण सोडून सरळ रेघ मारत असेल, ब्लँक आणि दोरीत मोठी फट दिसत असेल, तर तिथला ताण दोनच बिंदूंवर पडतो आहे. गाइड जवळ घ्या, लागला तर एक वाढवा. टोकाकडच्या तीन-चार गाइडमध्ये बहुतेक वेळा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा फरक करावाच लागते. समाधान झालं की खडू पेन्सिलीने खुणा करा.

पवनीकर
दादा, ब्लँकचा स्पाइन, म्हणजे ताठ बाजू, वाकल्यावर कोणत्या अंगाला घ्यायचा? एक जण म्हणते बाहेरून, एक म्हणते आतून.

मामातलाव
पहिले शोधायचा कसा ते सांगतो. ब्लँकचं जाड टोक गुळगुळीत फरशीवर टेकवा, बारीक टोक डाव्या हाताच्या तळव्यावर सैल ठेवा आणि उजव्या हाताने मधोमध हलकेच दाबून गोल फिरवा. एका ठिकाणी तो आपोआप उडी मारून स्थिर होते. त्या वेळी वळणाच्या आतल्या अंगाला जी बाजू असते ती नरम, तिच्या समोरची ताठ. कारण साधं आहे. कार्बनचं कापड साच्यावर गुंडाळताना त्याची कड जिथं एकावर एक येते, तिथं भिंत जाड होते.

आता कोणत्या बाजूला घ्यायचा, तर दोन्ही मतांचे लोक चांगले रॉड बांधतात. माझं मत: ब्लँक डोळ्यासमोर धरून पाहा, बहुतेक ब्लँकला टोकाशी थोडा बाक असते. गाइड लावल्यावर रॉड सरळ दिसेल अशा बाजूने बांधा. स्पिनिंग रॉडमध्ये गाइड खाली लटकतात, त्यामुळे स्पाइनमुळे रॉड हातात पिळत नाही. वर गाइड असलेल्या बेटकास्टिंगमध्ये पिळायचं कारण गाइड वर असणं हे आहे, स्पाइनचा वाटा त्यात किरकोळ.

मानवेलकर
अर्ध्या लिटरची बाटली सात फुटी मीडियम-हेवीला ठीक आहे. लाइट ब्लँकला शंभर-दीडशे ग्रॅमच्या वर जाऊ नका. आणि तपासताना मूठ उभी करून टोक स्वतःच्या दिशेने ओढू नका. मुठीशी नव्वद अंशांपेक्षा जास्त कोन झाला की सगळा भार टोकाच्या पाऊण फुटावर येते आणि कार्बन कडाक्कन तुटते. पाण्यावरही बरेच रॉड असेच जातात, मासा पायाशी आल्यावर.

धानपट्टा
गाइडचे पाय घासायचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. गाइड जसा पाकिटातून निघतो तसा बांधू नका. पायाचं टोक बोथट असते, दोरा त्याच्यावर चढताना पायरी पडते आणि तिथं फट राहते. बारीक कानशीने वरच्या बाजूने उतार काढा, टोक नखाला लागलं तरी अडू नये इतकं पातळ करा. मग पाय उलटा करून खालची धार पाहा. कानस मारल्यावर खाली बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, निघतो. तो तसाच राहिला तर प्रत्येक वाकण्याला ब्लँकवर चिरा पाडते आणि काही महिन्यांत रॉड बरोबर गाइडच्या पायाखाली तुटते. माणूस म्हणते ब्लँक खराब निघाला. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाय दोन-चारदा घासला की बर जाते.

वेढ्यांसाठी महागडं स्टँड लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा कापा, त्यात रॉड ठेवा. दोऱ्याचं रीळ पेल्यात, दोरा एका जाड वहीच्या पानांमधून काढा आणि वर वजन ठेवा. वजन कमी-जास्त केलं की ताण कमी-जास्त. ताण एवढाच की बांधून झाल्यावर गाइड बोटाने किंचित सरकवता आला पाहिजे, कारण शेवटची रांग डोळ्याने जुळवायची राहिलेली असते. अती ताणलेला दोरा पातळ ब्लँक दाबून टाकते.

पायाच्या टोकाच्या पाच मिलिमीटर आधी सुरुवात करा. दोऱ्याचं मोकळं टोक ब्लँकवर आडवं ठेवून त्याच्यावरून सहा वेढे घ्या, उरलेलं टोक कापा आणि पायावर चढत जा. वेढे सुटले, अंतर पडलं तर नखाने मागे रेटा, तेव्हाच रेटा. संपायच्या आठ वेढे आधी दुसऱ्या दोऱ्याचा फास आडवा ठेवून त्याच्यावरून वेढे पूर्ण करा, कापलेलं टोक फासात घाला आणि फास ओढून काढा. टोक वेढ्यांखाली जाऊन बसते. शेवटी चमच्याच्या पाठीने सगळे वेढे घोटून घ्या.

पवनीकर
ताई, दोरा कोणता? इथं रॉडचा दोरा भेटत नाही. शिलाईच्या दुकानातला चालते का?

धानपट्टा
चालते, पण निवडून. साध्या शिलाईचा दोरा तंतूंचे तुकडे पिळून केलेला असतो. त्याला लव असते आणि इपॉक्सी दिल्यावर ती काट्यासारखी उभी राहते. एम्ब्रॉयडरी मशीनचा चमकणारा पॉलिएस्टर दोरा मागा, १२० डेनिअर दोन पदरी. तोच रेयॉनमध्येही असते आणि दिसायला सारखाच, म्हणून काडी लावून पाहा. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होते, रेयॉन कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टरच घ्या.

रंगाचं असं: नायलॉनच्या दोऱ्यावर सरळ इपॉक्सी दिलं की तो पारदर्शक होते आणि खालचा काळा कार्बन दिसते. लाल बांधला तर गडद तपकिरी निघते. रंग जपायचा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. पॉलिएस्टर आपला रंग बराच धरून ठेवते, फिकट रंग मात्र त्यातही थोडे गडद होतात. पाच-सहा वेढे एखाद्या काडीवर बांधून, इपॉक्सी देऊन आधी रंग पाहून घ्या. मजबुतीचं पाहाल तर प्रिझर्व्हर न दिलेलंच बरं, इपॉक्सी दोऱ्यातून ब्लँकपर्यंत झिरपते.

गोसेखुर्द
फिनिशला फिरवायची मोटर कुठून आणता तुम्ही लोक? ऑनलाइन सांगतात ती फार महाग आहे.

मानवेलकर
घरच्या कूलरमध्येच आहे, भाऊ. पट्ट्या डावी-उजवीकडे हलवणारी स्विंग मोटर, २३० व्होल्टची सिंक्रोनस, मिनिटाला पाच-सहा फेरे. सुटी कोणत्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडे भेटते. ती कधी सुलटी सुरू होते कधी उलटी, आपल्याला काही फरक पडत नाही. पण जोर कमी असते, म्हणून रॉडचं वजन मोटरवर येऊ देऊ नका. लाकडी पट्टीच्या दोन घोड्या करा, व्ही खाचेला जुन्या नमद्याचा तुकडा चिकटवा. मोटरच्या दांड्याला पीव्हीसी पाइपचं टोपण बसवा, टोपणाला भोवताली तीन स्क्रू, आणि मूठ त्यात मधोमध कसून धरा. वायर उघडी सोडू नका, चालू असताना मोटरला हात लावू नका.

लाईट गेली, आणि आपल्याकडं जातेच, तर घाबरायचं नाही. पहिला तास दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा हाताने द्या, नंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी. इपॉक्सी मधासारखं ओढ धरेपर्यंतच वाहण्याची भीती असते.

वर्धाकाठ
माझा प्रश्न फिनिशचाच. दोन दिवस झाले, तीन गाइडवरचं कडक, बाकीच्यांवर बोट चिकटते. शिवाय एके ठिकाणी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, तिथं इपॉक्सी दोऱ्यावर थांबतच नाही.

धानपट्टा
दोन वेगळे आजार आहेत हे.

चिकट राहणं म्हणजे प्रमाण चुकलं किंवा ढवळणं कमी पडलं. काही गाइडवर कडक आणि काहींवर चिकट, याचा अर्थ प्रमाण बरोबर असावं, पण भांड्याच्या कडेला आणि तळाला लागलेलं न मिसळता ब्रशवर आलं. सपाट टोकाच्या काडीने तीन-चार मिनिटं हळू ढवळायचं, कडा खरवडत राहायचं. मग ते ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओतायचं आणि तिथूनच ब्रशने घ्यायचं. फॉइलवर पसरलं की बुडबुडे फुटतात आणि भांड्यातल्यासारखं तापून लवकर घट्टही होत नाही. भांड्याची कड खरवडून शेवटचा थेंब वापरायचा मोह टाळा. तुमच्या चिकट थराला खरवडू नका, त्यावर नीट मिसळलेला दुसरा पातळ थर द्या, बहुतेक वेळा खालचाही धरून घेते.

खड्डे सिलिकॉनचे. औषधाच्या दुकानातल्या इंजेक्शनच्या सिरिंजला काळा रबरी दट्ट्या असते, तो सहज सरकावा म्हणून सिलिकॉनचं तेल लावलेलं असते. ते इपॉक्सीत उतरते. रबर नसलेली, दट्ट्या पूर्ण प्लास्टिकचा असलेली सिरिंज घ्या. तीन मिली रेझिन, तीन मिली हार्डनर, सात फुटी रॉडच्या पहिल्या थराला पुरते. एकास एक हे प्रमाण आकारमानाचं असते. सोनाराच्या काट्यावर वजनाने सारखं घ्याल तर चुकेल, कारण दोन्हींची घनता वेगळी. ॲराल्डाइटचंच पाहा: आकारमानाने एकास एक, वजनाने मात्र १०० ला ८०. खड्डे पडलेला थर पूर्ण कडक होऊ द्या, ४०० च्या कागदाने हलका घासा, स्पिरिटने पुसा आणि नवा थर द्या. हाताला लावलेलं खोबरेल, केसांचं सिरम यांनीही असेच डोळे पडतात.

मामातलाव
यात हवामान जोडतो, कारण इपॉक्सीच्या पाकिटावर २५ अंशांचा हिशेब असते आणि आपला मे ४५ चा. साधारण दर दहा अंशांना वेग दुप्पट होते. वीस मिनिटं हाताळता येणारं मिश्रण दुपारी पाच-सात मिनिटांत दोर धरते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम करा, एका वेळी तीन-चार गाइडपुरतंच मिसळा. आणि त्या खोलीत कूलर लावू नका. कूलरची हवा दमट असते, हार्डनर ती ओल ओढून घेते आणि वर दुधाळ, तुपकट साय येते. पावसाळ्यातही हेच. तशी साय आली तर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, घासा, मगच दुसरा थर. न धुता दिलेला दुसरा थर पापुद्र्यासारखा सुटते. थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटं होते, रेझिन घट्ट होते, बुडबुडे निघत नाहीत. बाटल्या दहा मिनिटं कोमट पाण्यात उभ्या करा, झाकण घट्ट लावून.

पहिला थर पातळ, दोरा भिजेल एवढाच. चोवीस तासांनी वर आलेली लव ब्लेडने कापून दुसरा. पाण्यावर न्यायला आठवडाभर थांबा.

गोसेखुर्द
रील सीट हलते. मास्किंग टेप गुंडाळून भरलं होतं.

मामातलाव
टेप सलग गुंडाळली असेल. कागदाच्या आरपार इपॉक्सी जात नाही, म्हणजे सीट कागदाला चिकटली, ब्लँकला नाही, आणि पाणी शिरल्यावर कागद फुगून मऊ झाला. पीओपीवाले भिंतीच्या सांध्यावर लावतात ती फायबरची जाळीची टेप घ्या. तिच्या तीन पट्ट्या, मध्ये सहा-सात मिलिमीटरची मोकळी जागा, आणि सगळी पोकळी इपॉक्सीने भरा. ब्लँकचा तेवढा भाग आधी हलका खरबरीत करा. कार्बन घासताना कागद ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. सीट बसवताना तिचा खोबणीचा मध्य आणि गाइडची खूण एका रेषेत आहे का ते इपॉक्सी ओलं असतानाच पाहायचं.

टिप-टॉप मात्र इपॉक्सीने कधी बसवू नका. ग्लू गनची कांडी लायटरवर वितळवून ब्लँकच्या टोकाला थेंब लावा, टिप-टॉपची नळी गरम करा आणि सरकवा. उद्या तडा गेला तर नळी गरम करून काढता येते. ज्योत ब्लँकला लागू द्यायची नाही, त्यातलं रेझिन जळते.

कठाणीकाठ
तुमचं सगळं कार्बनचं चाललं जी. कतला-रोहूला कणकेच्या गोळ्यावर बसणाऱ्यांनी काहून एवढा खर्च करावा? इथं गडचिरोलीत धानोऱ्याकडं बांबू दारात आहे. लेखा-मेंढा गावाला २०११ साली बांबूचा हक्क भेटला, आणि २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरत नाहीत, म्हणून शेताच्या धुऱ्यावरचा तोडायला आडकाठी नाही. जंगलातला घ्यायचा तर ग्रामसभेला विचारूनच.

गरीच्या काठीला मानवेल, कटांग नाही. कटांग मोठा, पोकळ आणि काटेरी. मानवेल बारीक, आणि कोरड्या टेकाडावरचा जवळजवळ भरीव असते. बुंध्याला २० मिलिमीटर, शेंड्याला ५-६, लांबी दहा ते बारा फूट अशी काठी निवडा. वय दोन ते तीन वर्षं. पहिल्या वर्षाच्या काठीवर पांढरी पूड आणि पेरांवर कोषाची सालं असतात, ती सोडा. वाळली की सुरकुतते. नोव्हेंबर ते जानेवारीत तोडा, तेव्हा काठीत पिठूळ (स्टार्च) कमी असते. पावसाळ्यात तोडलेल्या काठीला भुंगा लागलाच म्हणून समजा.

भुंगा पक्का रोखायचा तर बोरॅक्स ३०० ग्रॅम, बोरिक ॲसिड २०० ग्रॅम, दहा लिटर पाण्यात. ओली काठी आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. मग सावलीत, उभी, दोन-तीन महिने. उन्हात टाकली तर चिरते.

पवनीकर
सरळ कशी करायची? मानवेल पेरापेराला वाकडा असते.

कठाणीकाठ
निखाऱ्यावर. ज्योत नको, लाल कोळसे. वितभर उंचीवर काठी सारखी फिरवत धरा, दीड-दोन मिनिटांत सालीवर चमक येते आणि तेल सुटल्यासारखं ओलसर दिसते. जुन्या फडक्याने पुसा आणि लगेच गुडघ्यावर उलट्या बाजूला थोडी जास्तच वाकवा, गार होईपर्यंत तशीच धरा. घाईत सोडली की परत येते. रंग बदामी झाला की पुरे, तपकिरी झाला म्हणजे तंतू जळले. आधी पेरांमधला भाग, मग पेरं. पेरं तासून सपाट करू नका, तिथले तंतू कापले की काठी तिथंच मोडते. नुसती टोकदार कड काढा.

सगळी सरळ झाली की दर दुसऱ्या पेराखाली बोटभर दोऱ्याचे वेढे घ्या, ताईंनी सांगितले तसेच. वरून जवसाचं तेल. कच्चं तेल वाळायला आठवडा घेते, उकळलेलं एक-दोन दिवस. पातळ हात द्या, तीन वेळा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा, मग उघडी पसरून वाळवा.

मानवेलकर
यात एक जोड. मानवेलचा शेवटचा दोन फुटांचा शेंडा नाजूक पण हळू असते, चिमटीभर कणीक ओढणारा रोहू त्यावर कळत नाही. तो कापून त्या जागी सॉलिड फायबरग्लासचं टोक लावा. जोडाला पितळी नळी, आतला व्यास टोकाच्या मापाचा. दोन्हीकडून नळीत पाच-सहा सेंटीमीटर शिरलं पाहिजे. बांबू घासून नळीत सैल-घट्टच्या मधोमध बसवा, ठोकून घातला तर पावसाळ्यात फुगून नळीच्या तोंडाशी चिरते. नळीच्या दोन्ही तोंडांवर दोऱ्याचे वेढे आणि इपॉक्सी. फायबरचं टोक इपॉक्सीने पक्कं, बांबूचं ग्लू गनने, म्हणजे बदलता येते.

वर्धाकाठ
गाइड घरी करता येतील का? स्टीलच्या तारेचे?

धानपट्टा
बांबूच्या काठीला हो. वेल्डिंगच्या दुकानात १.६ मिलिमीटरची स्टेनलेस टिगची सळई भेटते. दहा मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर दीड वेढा द्या, दोन्ही टोकं सरळ करून हातोडीने चपटी करा, कानशीने उतार काढा. आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. नायलॉनच्या साध्या तंगूसला उत्तम चालतात. विणलेल्या दोरीला मात्र वापरू नका, ती साध्या तारेत खाच पाडते आणि मग ती खाच दोरी कापते. मरळीच्या रॉडला चिनी मातीच्या कडीचेच गाइड.

कठाणीकाठ
एक सगळ्यांसाठी. कार्बनमधून वीज वाहते. शेतातल्या ११ केव्हीच्या तारांखालून जाताना रॉड आडवा धरा किंवा दोन तुकडे करा, आणि जूनमध्ये ढग गडगडले की खाली ठेवून तलावापासून दूर व्हा. ओला बांबूही भरवशाचा नाही. मामा (माजी मालगुजारी) तलाव बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या संस्थेकडं लीजवर असतात, गरी टाकायच्या आधी संस्थेला विचारा. नवेगाव बांध व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडं रॉड नेऊ नका.

गोसेखुर्द
सीट जाळीच्या टेपने परत बसवतो. जुनी काढताना ब्लँकला इजा होणार नाही असं काही?

मामातलाव
ओढून काढू नका. सीटवर लांबीभर दोन समोरासमोर खाचा कानशीने पाडा, शेवटचा अर्धा मिलिमीटर राहू द्या. मग उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं दोन-तीन वेळा गुंडाळा, इपॉक्सी मऊ होते, आणि खाचेत सपाट पेचकस घालून पिळा. दोन फाका होऊन निघते. उरलेला कागद नखाने आणि स्पिरिटने. ब्लेड ब्लँकवर आडवी चालवायची नाही, लांबीच्या दिशेने सपाट धरायची.